जांभळा चौकोन

मक्याच्या पातळ भाकऱ्या, तोर्तिया, घ्यायच्या रांगेत उभं असताना रेफुहिओचं लक्ष समोरच्या खांबावर चिकटवलेल्या पोस्टरकडे गेलं आणि तिच्या हातातलं फडकं गळून खाली पडलं. पोस्टरवर पुन्हा तीच बाई होती. जुळलेल्या भुवया, केसांत फुलं, खांद्यावर माकड. या शहरात ती चित्रकार फ्रिदा नाही अशी जागाच उरली नव्हती. पिशव्यांवर ती, मोज्यांवर ती, बिअरच्या दुकानाच्या शटरवर ती, आणि परवा शेजारणीने न्हाणीघरासाठी पडदा आणला तर त्यावरही ती. रेफुहिओ एरवी नाक मुरडून पुढे जायची. पण या पोस्टरमधल्या बाईच्या अंगावर काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टर होतं, आणि त्या प्लॅस्टरवर, पोटाच्या जागी, जांभळ्या रेघेचा एक चौकोन होता. कोपरे गोल केलेला. वरची रेघ डावीकडे जराशी पसरलेली, ओल्या प्लॅस्टरवर शाईची पेन्सिल टेकली की पसरते तशी. खाली बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव होतं, ओतिलिया बारिएंतोस. म्हणजे तिचीच मुलगी.

"दोन्या कुका, रांग पुढे सरकली," मागची बाई म्हणाली. रेफुहिओला सगळी वस्ती कुकाच म्हणे, आणि मान म्हणून पुढे दोन्या लावी.

"सरकू दे. पळून चाललीय का रांग?" रेफुहिओ म्हणाली. तिने फडकं उचललं, झटकलं, आणि किलोभर गरम तोर्तिया त्यात गुंडाळून ती घरी आली. त्या दुपारी ती जेवली नाही. फडक्यातल्या तोर्तिया गार होऊन एकमेकींना चिकटल्या.

एकतीस वर्षं रेफुहिओने सरकारी हाडांच्या इस्पितळात प्लॅस्टर घातलं होतं. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती, प्लॅस्टरवाली होती. डॉक्टर दाराशी यायचे, एक्स-रे उजेडात धरायचे, पाठ किती अंश वाकलीय ते सांगायचे आणि कॉफी प्यायला निघून जायचे. मग पोरीला लोखंडी चौकटीवर निजवायचं, हनुवटीला पट्टा लावून एकीकडे डोकं आणि दुसरीकडे कंबर ताणून धरायची, कोमट पाण्यात पट्ट्या बुडवून पिळायच्या, आणि तळहाताने, बोटांनी नव्हे, बोटांचे खळगे पडतात, बरगड्यांवरून प्लॅस्टर बसवत न्यायचं, हे सगळं रेफुहिओचं. श्वास भर, धर, आता सोड. झोपेतसुद्धा ती हे म्हणते असं नवरा सांगायचा, तो सीमेपलीकडे उत्तरेला कामाला जाऊन तिकडचाच होण्याआधी. सगळं झालं की ओल्या प्लॅस्टरवर शाईच्या पेन्सिलीने पोटापाशी चौकोन आखून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वाळलं की तेवढा तुकडा करवतीने कापून काढायचा. जेवलेल्या पोटाला फुगायला जागा लागते. नाही कापला तर आत आतडं दाबलं जातं आणि पोरगी ओकत सुटते. हे त्या खोलीतल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, ती कुठे लिहिलेली नव्हती, की आपल्या रक्ताच्या माणसाला आपण प्लॅस्टर घालायचं नाही. तिच्या जोडीचा माक्लोव्हिओ तर इतका कट्टर, की त्याने म्हाताऱ्या आईचं मोडलेलं मनगटसुद्धा रेफुहिओकडूनच बांधून घेतलं.

ओतिलियाचं प्लॅस्टर मात्र रेफुहिओने स्वतः घातलं. मुलगी तेरा वर्षांची, पाठ शेहेचाळीस अंश वाकलेली. माक्लोव्हिओ म्हणाला, "कुका, तू बाहेर थांब, मी करतो." रेफुहिओने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माक्लोव्हिओचं प्लॅस्टर महिन्याभरात ढिलं पडतं, आणि ढिल्या प्लॅस्टरमध्ये पाठ पुन्हा आपल्या वळणावर जाते, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार होता. तिने चौकोन आखला. गुरुवारपासून खोलीला सुट्टीचं कुलूप लागलं, आणि करवत आत राहिली. सोमवारी खोली उघडली तेव्हा ओतिलियाला उचलून आणावं लागलं, हाताला सुई लावून पाणी चढवावं लागलं, आणि मग माक्लोव्हिओने तो चौकोन कापला. तो रेफुहिओशी एक शब्द बोलला नाही. पुढे दोन वर्षांत ओतिलियाची पाठ एकोणीस अंशांवर आली. पूर्ण इस्पितळात असा निकाल कोणाचा नव्हता. सतरा वर्षं झाली त्याला. सतरा वर्षांत ओतिलियाने त्या चार दिवसांचं नाव काढलं नव्हतं, आणि रेफुहिओने स्वतःची समजूत घातली होती की पोरं विसरतात. तिच्यापुरता तो विषय मिटला होता. आता तो भर रस्त्यात खांबावर चिकटलेला होता.

मुलगी पोर्तालेस वस्तीत भाड्याच्या खोलीत राहायची, रविवारी फोन करायची, दोन मिनिटं. आई बरी आहेस ना, हो, तू जेवलीस का, हो. या प्रदर्शनाबद्दल ती बोलली नव्हती. फ्रिदाला अभिवादन म्हणून बारा चित्रकारांची बारा चित्रं, असं पोस्टरवर लिहिलं होतं, उद्घाटन रविवारी दुपारी बाराला. रेफुहिओने मनाशी ठरवलं, जायचंच. ओतिलियाला काय आठवतं आणि ती ते आपल्या तोंडावर फेकणार आहे का, एवढं तिला कळायला हवं होतं. न कळता एक आठवडाही काढणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

बरोबर तेंचा आली, ओतिलियाची बाप्तिस्म्याची धर्मआई, जिला बोलावलं नाही तरी ती येते आणि येऊन गप्प बसत नाही. जुन्या गिरणीची इमारत रंगवून तिथे कलाघर केलं होतं. आत बायकाच बायका. सगळ्यांच्या अंगात भरतकामाचे झगे, आमच्या ओआखाका प्रांतातल्या आज्या घालायच्या तसले, फक्त यांचे इस्त्री केलेले; केसांत फुलं, कानांत जड डूल, आणि एकीने तर भुवया काजळाने जोडून घेतलेल्या. रेफुहिओच्या मस्तकात तिडीक गेली. यांतल्या एकीला तरी कोमट प्लॅस्टर अंगावर गार होताना कसं आवळतं ते माहीत आहे का? आत खाज सुटते आणि विणायची सुई आत घालून खाजवावं लागतं, आणि मग जखम होते आणि जखमेला वास सुटतो. तो वास लावून या की मिरवायला. त्या फ्रिदाचासुद्धा तिला राग आला. मान्य, बसच्या अपघातात तुझं हाड न हाड मोडलं होतं. पण तुझ्या घरात नोकर होते, अंगण होतं, पलंगावर आरसा होता. माझ्याकडे आलेल्या पोरी प्लॅस्टर घालून दोन बस बदलून घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावंडांना कडेवर घ्यायच्या. त्यांना अभिवादन म्हणून चित्र कोण काढतंय? माणूस मेल्यावर त्याचं दुखणंही मोठ्या घरचं ठरतं, हे तिला मुळीच पटत नव्हतं.

"अगं कुका, तोंड जरा नीट कर," तेंचा कुजबुजली. "आपण लग्नाला आलोय असं समज."

"मयताला आल्यासारखं वाटतंय मला."

"मग तर फुकट कॉफी मिळेल."

ओतिलिया तिच्या चित्राजवळ भिंतीशी उभी होती. तिने त्यांना पाहिलं, हनुवटी जराशी हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागली. ती ताठ उभी होती. ती नेहमीच ताठ उभी असायची, आणि लोकांना तो गर्व वाटायचा. रेफुहिओला दरवेळी त्या पाठीकडे बघून आत काहीतरी सुखावून जायचं, ते आजही सुखावलं, आणि तिला स्वतःचीच चीड आली. सतरा वर्षांत एकदा तरी, एकदा, ही पोरगी म्हणाली असती की आई, तुझ्यामुळे मी सरळ चालते. नाही. तिने रंग हातात घेतले, घर सोडलं, आणि आता त्याच हाताने हे चित्र काढलं. ज्या ताटात जेवायचं त्यातच थुंकायचं, याला अभिवादन म्हणतात.

चित्र पोस्टरपेक्षा फार मोठं होतं, माणसाच्या उंचीचं. पोस्टरवर कापलं गेलेलं बरंच काही त्यात होतं. खाली अर्धं कापलेलं कलिंगड. मागे हिरव्या फिती, त्या फितींनी बांधलेली दोन झाडं. आणि दोन्ही कडांकडून आत आलेले दोन हात, फक्त कोपरापासून पुढचे, प्लॅस्टरवर टेकलेले. तळहात टेकलेले, बोटं वर उचललेली. रेफुहिओची नजर त्या उचललेल्या बोटांवर अडकली. असे हात शाळेत शिकवत नाहीत. असे हात त्यालाच काढता येतात, ज्याने ते आपल्या बरगड्यांवर पाहिले आहेत, जवळून, हनुवटी पट्ट्यात अडकलेली असताना डोळे खाली करून.

श्रीमती मोंतेलोंगो नावाच्या बाई माईक घेऊन चित्रासमोर उभ्या राहिल्या. कला शिकवायच्या त्या, आणि त्यांना बोलायला आवडायचं. "प्रत्येक वस्तू इथे प्रतीक आहे," त्या म्हणाल्या. "माकड म्हणजे निरागस वासना. फिती म्हणजे रक्ताची नाती, जी बांधतात आणि आवळतातही. कलिंगड म्हणजे जखम झाली तरी न सुटलेली जगण्याची गोडी. आणि हे दोन हात, मैत्रिणींनो, ही सत्ता आहे. बाईच्या देहाला साच्यात बसवणारी, चेहरा नसलेली सत्ता."

"सत्तेच्या डाव्या हातावर तुझ्यासारखाच भाजल्याचा डाग आहे की गं," तेंचा म्हणाली, आणि हे बोलताना तिला त्यात गंमतच वाटत होती. रेफुहिओने डावा हात पिशवीखाली घेतला. "आणि मग हा चौकोन," बाई सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज हळू झाला. "पोटावरची ही रिकामी चौकट. फ्रिदाला मूल झालं नाही, हे आपण जाणतो. चित्रकर्तीने इथे काही काढलेलं नाही. जे जन्मलं नाही त्याची ही जागा आहे." बायकांनी सुस्कारे सोडले. एकीने डोळे टिपले. रेफुहिओने ओतिलियाकडे पाहिलं. आता ही बोलेल, तिला वाटलं. आता ही म्हणेल की बाई, उंटावरून शेळ्या हाकू नका. पण ओतिलिया चित्राशेजारी तशीच ताठ उभी होती. ती सगळ्यांना खोटं समजू देत होती, आणि एकटी रेफुहिओच खरं काय ते जाणून तिथे बसलेली होती. मुलीने तिला पकडायला भर बाजारात सापळा लावला होता, आणि सापळा दिसत असूनही पाय त्यातच होता.

सतरा वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी दुपारपासून ओतिलिया ओकायला लागली. पहिल्यांदा कापिरोतादा ओकली, गुळाच्या पाकात भिजवलेल्या पावाचा गोड शिरा, जो तिला सणाला भारी आवडायचा. मग पाणी ओकली, मग दालचिनीचा काढा, मग नुसतंच हिरवं. पहिल्या दिवशी सगळ्याच पोरी करतात, रेफुहिओ म्हणाली. पहिल्या दिवशी सगळ्याच पोरी श्वास कोंडल्याचं सांगतात, रडतात, नाटक करतात. तिने हे हजार आयांना सांगितलं होतं, तेच तिने स्वतःला सांगितलं. शुक्रवारी रस्त्यावरून क्रूसाची मिरवणूक गेली, मुलांनी पाठीवर काटे बांधलेले, आणि ओतिलिया खिडकीशी भिंतीला टेकून उभी होती कारण तिला बसता येत नव्हतं. "आई, काप," ती म्हणाली. एवढंच. "काप ना." रेफुहिओने तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. शनिवारी तिने बोलणं सोडलं. ती फक्त पोटावरच्या जांभळ्या रेघेवरून बोट फिरवत राहायची, चारही बाजूंनी, कोपऱ्यावर आलं की जरा थांबून. हे रेफुहिओ विसरली होती. ते बोट तिला आत्ता आठवलं.

"आज आपलं भाग्य असं, की चित्रकर्तीच्या मातोश्री इथे आहेत," श्रीमती मोंतेलोंगो म्हणत होत्या. तेंचाने आपला हात वर केला होता आणि दुसऱ्या हाताने रेफुहिओकडे बोट दाखवलं होतं. "इस्पितळात होती ती, प्लॅस्टरच घालायची," तेंचाने मोठ्याने सांगितलं. सगळ्या माना वळल्या. "या सेन्योरा, या ना पुढे. तुम्हाला या चित्रात काय दिसतं?"

रेफुहिओ उठली. गुडघे दुखत होते. ती माईकपाशी गेली आणि ओतिलियाकडे न बघता म्हणाली, "तो चौकोन मी काढलाय."

श्रीमती मोंतेलोंगोंनी माईक तिच्या आणखी जवळ धरला.

"त्यात पोराबिराचं काही नाही. ती कापायची खूण असते. प्लॅस्टर ओलं असताना आखायची, दुसऱ्या दिवशी कापायची. मी आखली. कापली नाही. हिला चार दिवस तसंच ठेवलं." इतकं बोलून ती थांबली. तिला वाटलं होतं, कोणीतरी उठेल, काहीतरी म्हणेल, निदान भुवया जोडलेली ती बाई तरी नाक मुरडेल. श्रीमती मोंतेलोंगोंनी छातीवर हात ठेवला. "काय सुंदर बोललात," त्या म्हणाल्या. "आधीची पिढी खूण करते, पण कापायचं धैर्य पुढच्या पिढीचं. यापेक्षा चांगलं भाष्य मी करू शकले नसते." आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. रेफुहिओ त्या टाळ्यांत उभी होती आणि तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जास्वंदीच्या सरबताचे ग्लास मांडले होते त्या टेबलाशी ओतिलिया तिच्यामागून आली. "आलीस," ती म्हणाली.

"तू कुठे बोलावलंस?"

"पोस्टर तुझ्या तोर्तियाच्या दुकानासमोर मी स्वतः येऊन चिकटवलं. तिथे दुसरं कोण चिकटवायला येतंय?"

रेफुहिओने ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "झालं ना समाधान? सांगितलं मी, सगळ्यांसमोर. आणखी काय हवंय तुला?"

"चार दिवस ठेवलं, एवढं सांगितलंस. का ठेवलं ते नाही सांगितलंस."

"सुट्टी होती. खोलीला कुलूप होतं, करवत..."

"प्लॅस्टरची सुरी घरात होती, आई. चुलीशेजारच्या खणात. मी तुला बोटाने खण दाखवला होता." ओतिलियाचा आवाज चढला नव्हता. "सतरा वर्षं मी वेगवेगळी कारणं लावून बघितली. तू घाबरलीस म्हणावं, तर तू घाबरत नाहीस. तुला माझा राग होता म्हणावं, तर रात्रभर उशाशी बसून होतीस. म्हणून चित्र काढलं. म्हटलं, बघून तरी बोलेल."

सुरी खणात होती हे खरं होतं. रेफुहिओने ती दोनदा बाहेर काढली होती. गुरुवारी सकाळी प्लॅस्टर वाळलं तेव्हा तिने त्यावर टिचकी मारली आणि ते मडक्यासारखं वाजलं, कोरं, भरीव. पांढरंशुभ्र. कुठे सुरकुती नाही, पट्टीची कड नाही, बोटाचा खळगा नाही. काखेखालची कड कागदासारखी पातळ आणि कमरेशी जिथे जोर हवा तिथे बरोब्बर जाड. बुधवारी डॉक्टरांनी कॉफी सोडून सहा शिकाऊ डॉक्टरांना आत बोलावलं होतं, आणि म्हणाले होते, बघून घ्या, हे पुन्हा दिसायचं नाही. घरी ती स्वयंपाकघरात पोरीभोवती फिरून फिरून बघत राहिली होती. सुरी हातात घेतली की डोळ्यांना ते अखंड पांढरं दिसायचं. उद्या, ती म्हणायची. अजून एक दिवस. पोरगी दम काढील.

"ते फार चांगलं झालं होतं," रेफुहिओ म्हणाली.

ओतिलिया एक पाऊल जवळ आली.

"तसं मी त्याआधी कधी घातलं नव्हतं, नंतरही जमलं नाही. त्याला भोक पाडायला माझा हातच होईना. तू ओकायचीस आणि मी आधी प्लॅस्टर पुसायची. मग तुझं तोंड."

टेबलापाशी कोणीतरी हसत होतं, तेंचा कोणालातरी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होती. ओतिलियाचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या नखांत निळा रंग होता, आणि ती अंगठ्याच्या नखाने दुसऱ्या नखातला रंग काढत राहिली. "हे माईकवर का नाही सांगितलंस?" तिने शेवटी विचारलं.

"टाळ्या वाजवायला लागले ते."

"चल." ओतिलियाने तिचं मनगट धरलं. रेफुहिओला वाटलं आपण हात सोडवून घ्यावा, बस पकडावी, घरी जावं. ती साठीची बाई होती, तिला कोणी ओढून नेऊ शकत नव्हतं. पण ती गेली. बायका बाजूला झाल्या. श्रीमती मोंतेलोंगोंनी हसून माईक पुढे केला, आणि रेफुहिओने तो तोंडाशी धरून टेबलाशी बोललेली वाक्यं जशीच्या तशी सांगितली, प्लॅस्टर पुसण्याच्या वाक्यासकट. श्रीमती मोंतेलोंगोंनी छातीकडे नेलेला हात खाली घेतला. पुढच्या रांगेतली एक बाई आपल्या मांडीवरच्या पर्सकडे बघायला लागली. टाळी वाजली नाही.

"मागच्यांना ऐकू गेलं नसेल," ओतिलिया तिच्या शेजारी उभी राहून म्हणाली. "पुन्हा सांग."

रेफुहिओने पुन्हा सांगितलं.